गाडीचा गंज आणि उडालेला रंग: या चुका टाळा

सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा आणि समुद्र फार लांब. त्यामुळे इथल्या गाड्या गंजत नाहीत, असा समज गाडीमालकांमध्ये घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात उन्हाळाभराची धूळ काचेच्या रबरातून दरवाजाच्या आत उतरते आणि तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेली भोके बुजवते. सप्टेंबरात पाऊस जोर धरतो तेव्हा आत शिरलेले पाणी तिथेच साचते, पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरच्या रंगाला फुगी येते ती सर्वांत शेवटी.

ही फुगी दिसली की तिच्यावर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुळे सोलापुरातील एका काकांनी दसऱ्याच्या पूजेला गाडी चमकलीच पाहिजे म्हणून आदल्या दिवशी कुठल्याशा दुकानात दरवाजाची खालची कड घाईने करून घेतली होती. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत ती पुन्हा फुगली. "वरून एक हात मारून द्या, बाकी काही नको," असे म्हणत ते माझ्याकडे आले. मी स्क्रू ड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवले, तेव्हा लांबीची अख्खी खपली निघून आली, तिच्यामागून तपकिरी भुगा गळला आणि टोक आरपार गेले. निचऱ्याची भोकेही लांबीने लिंपलेली होती. जे काम आधी पॉलिश पेपरवर भागले असते, त्याला आता पत्रा कापून नवा जोडावा लागला.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा थर कितीही जाड असला तरी तो उचलला जातोच. म्हणून गंज दिसतो त्याच्या चहूबाजूंनी दोन बोटे जास्त रंग काढायचा, ही माझी सवय आहे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, नंतर १८० ने ओरखडे कमी करावेत आणि जुन्या रंगाची कड ३२० ने इतकी उतरवावी की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. गंज कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलणारे रसायन, फक्त खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी आहे. सुटलेल्या खपल्यांवर ते ओतून घासण्याचे कष्ट वाचवू पाहणाऱ्यांबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही. उघडा पत्रा कोरडाच घासावा, कारण पाणी लावून वॉटर पेपरने घासलेल्या पत्र्यावर काही तासांतच पिवळी छटा येते. मग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून इपॉक्सी प्रायमर (पाणी अडवणारा अस्तराचा थर) मारावा आणि लांबी लागलीच तर ती त्यावर भरावी. निचऱ्याची भोके झाडूच्या काडीने मोकळी करावीत. तारेने आतला रंग खरवडला जातो.

प्रायमर मारून "रंग पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो आणि पत्र्यापर्यंत पोहोचवतो. पैसे आत्ता पूर्ण नसतील तर कामच पुढे ढकलावे.

छत आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे निघू लागले की लोक कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमकवणारी पेस्ट, घासत बसतात. आपल्याकडच्या उन्हाने क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मेलेला असतो आणि कंपाउंड उरलेला थरही खाऊन टाकतो. कंपनीचा सगळा रंग मिळून जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग असतो, हे लक्षात ठेवावे. तिथे सुटलेला थर घासून बेस (रंगाचा थर) आणि क्लिअर नव्यानेच मारावे लागतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना भर उन्हात हे काम करू नये, कारण वरचा थर आधी सुकतो आणि आत अडकलेले थिनर बारीक छिद्रे पाडत बाहेर येते. बॉनेटवर तळहात निवांत टेकवता येत नसेल, तर मी स्प्रे गनला हातच लावत नाही.

स्प्रेचा डबा न हलवता मारू नये. रंगाचा कोड गाडीवरील पट्टीवर पाहूनच रंग आणावा, "पांढरा म्हणजे पांढराच" असे नसते. आणि चमक यावी म्हणून गाडी डिझेलने पुसण्याची खोड तर सोडूनच द्यावी. त्या तेलकट थरावर धूळ चिकटते आणि तो नीट निघाला नाही तर पुढच्या रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात.