द्राक्षबागेतील बिनतारी ओलावा-सेन्सर : या चुका टाळा

मोठ्या हौसेने बसवलेल्या ओलावा-सेन्सरकडे हंगाम सरण्याआधीच कोणी फिरकत नाही, असे अनेक बागांत दिसते आणि दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलला जातो. माझ्या मते तो दोष यंत्रणा उभारून देणाऱ्याचा आहे, कारण बिघाड कुठे आहे हे बागायतदाराला स्वतः ओळखता येईल अशी सोयच त्याने केलेली नसते.

खरेदी करतानाच उपकरणाची वारंवारता तपासावी. लोरावॅन या कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या बिनतारी पद्धतीसाठी भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. अमेरिकेसाठी बनवलेले 915 मेगाहर्ट्झचे नोड, म्हणजे सेन्सरची नोंद पाठवणारी उपकरणे, येथील गेटवेला, म्हणजे ते संदेश गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या पेटीला, ऐकूच येत नाहीत.

सेन्सर ड्रिपरच्या अगदी खाली खोचला तर तो सदैव ओलाच दाखवतो. याउलट, काळी जमीन वाळून भेगाळली की सेन्सरच्या पात्याभोवती पोकळी निर्माण होते आणि शेजारची माती ओली असूनही आकडा एकदम कोसळतो. असे झाल्यास सेन्सर काढून त्याच मातीचा घट्टसर चिखल पात्याभोवती भरावा आणि तो पुन्हा बसवावा.

सर्वांत फसवी चूक मात्र वेगळीच आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर, बाग उघडी असताना संदेश व्यवस्थित पोहोचतात, म्हणून नोड वेलीच्या खोडालाच बांधला जातो. पुढे मांडव पानांनी भरला की संदेश क्षीण होतो आणि तो पोहोचावा म्हणून नोड संथ गतीने प्रसारण करू लागतो. गतीची प्रत्येक पायरी उतरताना प्रसारणाचा वेळ जवळपास दुप्पट होतो आणि बॅटरीही जास्त खर्च होते, त्यामुळे बागेच्या कोपऱ्यातील एकाच नोडची बॅटरी वारंवार संपत असेल, तर बॅटरी बदलत बसण्याऐवजी अँटेना बांबूवर चढवून मांडवाच्या वर न्यावा. मातीतील ओलावा मिनिटागणिक बदलत नसल्याने दर मिनिटाला नोंद पाठवण्याचीही गरज नाही. अर्ध्या तासाचे अंतर पुरते.

एकच नोड गप्प झाला, तर त्याची बॅटरी आणि अँटेना पाहावी. सगळे एकदम गप्प झाले, तर बागेत न फिरता आधी गेटवेची वीज व इंटरनेट तपासावे. हे दोन नियम गेटवेच्या पेटीवरच मराठीत लिहून ठेवावेत.

आता मोबाइलच्या पडद्याविषयी. नोडच्या सोळा अक्षरी क्रमांकाऐवजी ‘विहिरीकडची चौथी ओळ’ असे नाव द्यावे आणि नुसत्या टक्केवारीबरोबर ‘वाफसा आहे’ किंवा ‘पाणी द्या’ असे शब्द दिसावेत. कोणत्या टक्केवारीला कोणते शब्द दिसावेत, हे मात्र त्याच शेतातील माती हातात घेऊन, बागायतदाराला विचारूनच ठरवावे. शेवटची नोंद किती वेळापूर्वीची आहे, हे आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत हवे, कारण बंद पडलेल्या नोडचा तीन दिवसांपूर्वीचा आकडा आजचा समजून पाणी रोखले गेले, तर भर उन्हाळ्यात त्याची किंमत वेलीला मोजावी लागते.