३० क्युबिट आणि माझा ८ जीबीचा लॅपटॉप
विश्रामबागेतल्या खोलीवर बसून प्रोजेक्टसाठी ३० क्युबिटचं (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) जीएचझेड सर्किट, म्हणजे सगळे क्युबिट एकमेकांत गुंतवणारं, किसकिट एरवर (साध्या संगणकावर क्वांटम सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) टाकलं, तर मेमरी अपुरी म्हणून एरर. आधी वाटलं इन्स्टॉलच गंडलंय, दोनदा काढून परत टाकलं, काय उपयोग नाही. मग कागदावर हिशोब केला: स्टेटव्हेक्टरला, म्हणजे सगळ्या क्युबिटांची पूर्ण अवस्था साठवायला, २ चा ३० वा घात इतके आकडे लागतात, एकेक १६ बाइटचा, म्हणजे सरळ १६ जीबी! सर्क (गूगलचं तसंच सॉफ्टवेअर) मुळात ८ बाइटचे आकडे वापरतं म्हणून तिकडं गेलो, तरी ८ जीबी लागतेच की, लॅपटॉप गार.

खरी चूक माझीच, कुठनं तरी उचललेल्या कोडमध्ये मेथड (गणित करायची पद्धत) 'स्टेटव्हेक्टर' लिहिलेली. जीएचझेडमध्ये नुसते हॅडमार्ड आणि सीनॉट हे गेट (क्युबिटवरच्या क्रिया), सगळे क्लिफर्ड गटातले, जो साध्या संगणकावर पटकन सुटतो, म्हणून 'स्टॅबिलायझर' केलं आणि चहा ओतेपर्यंत उत्तर आलं. फक्त क्लिफर्डच असेल तर स्टिम हे सिम्युलेटर पण भारी आहे. पण टी गेट (क्लिफर्डमध्ये न बसणारा) आला की हे दोन्ही बाद, मग एन्टँगलमेंट (क्युबिटांचं एकमेकांत गुंतणं) कमी असेल तर एरचीच 'मॅट्रिक्स प्रॉडक्ट स्टेट' मेथड लावून बघा.

आणि हो, किसकिटमध्ये शून्यावा क्युबिट उजव्या टोकाला छापतात, सर्कमध्ये डावीकडं. उत्तरं उलटी दिसली म्हणून माझी एक अख्खी रात्र गेली.