बीए करता करता कामाला कसे लागावे

लग्नात, एसटी स्टँडवर, पारावर, कुठेही भेटा, मराठवाड्यात कला शाखेच्या पोराला एकच प्रश्न येतो : "काय करायलास सध्या?" उत्तरही ठरलेले : "बीए करायलो, सोबत एमपीएससी." पुढे कोणी काही विचारत नाही. विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाराही सुटतो. गावोगावच्या अभ्यासिका अशा सुटलेल्या पोरांनी भरलेल्या आहेत.

परीक्षा देऊ नका, असे मी म्हणत नाही. पण पदवी हातात येईल त्या दिवशी पैसे मिळवून देणारे एखादे काम अंगात असावे, आणि ते बीएच्या वर्षांतच शिकून घ्यावे. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगच्या पोरांना दिवसभर प्रॅक्टिकल असते. बीएला दुपार मोकळी असते, आणि सगळी गंमत त्या दुपारीच आहे.

पहिले काम : विषय डोळे उघडे ठेवून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आली. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याचे पेपर, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, असे सगळे त्यात आहे. फॉर्म भरताना बहुतेक जण मित्राने काय घेतले ते बघतात, नाहीतर कोणते सर मार्क सढळ देतात ते. त्यापेक्षा एक विषय माहितीचा आणि एक भाषेचा, अशी जोडी लावा. अर्थशास्त्र आणि इंग्रजी, इतिहास आणि उर्दू, समाजशास्त्र आणि मराठी. नुसता माहितीचा विषय बाजारात विकला जात नाही. ती माहिती नीट लिहून किंवा सांगून देता आली तर विकली जाते. ओजेटी कोणत्या सत्रात आहे, हेही महाविद्यालयाच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी विचारून ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

दुसरे काम : दोन तास बांधून घ्या

गावाहून पास काढून येणाऱ्यांचा दिवस एसटी ठरवते. शेवटचा तास बाराला सुटला आणि गावची गाडी तीनला असेल, तर मधले तीन तास स्टँडवर जातात. तेच तास कामाचे धरा. शहरात राहत असाल तर विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करा. पैसे थोडे मिळतात, पण ग्रंथालयात किंवा ऑफिसात काम मिळाले तर फाइल कशी चालते ते कळते.

तिसरे काम : मराठी टायपिंग

ही पायरी कोणालाच आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोबाइलवर अंगठ्याने किंवा बोलून मराठी लिहिणे वेगळे, आणि की-बोर्डवर न बघता शुद्ध मराठी टाइप करणे वेगळे. दुसरे येणारी माणसे तालुक्याच्या गावात बोटावर मोजण्याइतकी असतात. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, डीटीपीवाले, छापखाने, पतसंस्था, वकिलांची ऑफिसे, सगळ्यांना ती लागतात.

इनस्क्रिप्ट की-बोर्ड शिका. तो विंडोजमध्ये आधीच असतो, विकत घ्यावा लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी त्याची मांडणी आहे. एकदा बोटांना ती कळली की हात आपोआप चालतो. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद टाइप करा आणि चुका लाल पेनाने खुणा करून मोजा. र्‍हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि जोडाक्षरे इथेच सुधारतात, व्याकरणाच्या गाइडात नाही.

सोबत महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा द्या. मराठी 30 शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट असे प्रमाणपत्र लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मागतात. म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या वाटेवरही हे वाया जात नाही. एमएस-सीआयटी केली म्हणजे टायपिंग आले, असे समजणारे पुष्कळ भेटतात. तसे नसते.

चौथे काम : एकच वाट धरा

इथे माझे मत जरा आग्रही आहे. आपल्या भागात जे आहे त्यातूनच काम शोधा. पुण्या-मुंबईच्या पोरांशी तिथल्या कामात चढाओढ करण्यापेक्षा, त्यांना जमणार नाही ते आपल्या दाराशी पडले आहे.

इतिहासवाल्यांसाठी जुनी कागदपत्रे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. आणि गावपातळीवर, घराघरांतल्या व्यवहारांत मराठीची जुनी मोडी लिपी. जमिनीचा दावा लागला की सेतवार, खासरा पाहणी, पाहणीपत्रके असे जमिनीच्या नोंदींचे जुने कागद शोधावे लागतात, आणि त्यातले काही वाचायला माणूस मिळत नाही. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. कागद काय मागतो ते बघा : अक्षर ओळखता आले पाहिजे, नावे गावाच्या बोलीतली असतात ती कळली पाहिजेत, आणि वर सन फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतला असतो. 1357 फसली दिसले की त्यात साधारण 590 मिळवायचे, म्हणजे 1947 च्या आसपासचा कागद. हे गणित ज्याला तोंडपाठ आहे त्याला वकील स्वतः फोन करतो. मोडीचे प्रशिक्षण वर्ग पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी घेते. त्याची वाट बघत असताना घरातल्या पेटीतले जुने कागद काढून सराव सुरू करा. जे अक्षर लागले नाही तिथे टिंब टिंब ठेवायचे, अंदाजाने भरायचे नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण पुढे त्या वाचनावर कोणाची तरी जमीन अवलंबून असेल.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्रवाल्यांसाठी सर्वेक्षण. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात स्वयंसेवी संस्थांचे काम वाढले. अंबाजोगाईला मानवलोक त्याच्याही आधीपासून आहे, आणि तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे. अशा संस्थांना आणि संशोधकांना गावात जाऊन माहिती भरून आणणारी माणसे लागतात. कोबो टूलबॉक्स हे सर्व्हेचे फॉर्म भरायचे मोफत साधन मोबाइलवर शिका. त्यात स्वतःच्या गल्लीतल्या वीस घरांचा पाण्याचा सर्व्हे करा, मग विचारायला जा. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचा सर्व्हे असेल तर तो दिवाळीआधी आटोपला पाहिजे, नंतर वस्त्यांवर म्हातारी माणसेच उरतात. पुण्याहून प्रश्नावली पाठवणाऱ्याला हे ठाऊक नसते. तुम्हाला असते, आणि त्याचेच पैसे आहेत.

संभाजीनगरकरांसाठी पर्यटन. वेरूळ आणि अजिंठा 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, म्हणजे दोन्हीकडे काम करणाऱ्याचा आठवडा कोरडा जात नाही. मात्र अधिकृत परवान्याशिवाय लेणीत गाइड म्हणून उभे राहू नका. तोवर एखाद्या टूर ऑपरेटरकडे बुकिंगचे काम करा आणि विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात एखादी भाषा शिका. इंग्रजी बोलणारे गाइड पुष्कळ आहेत.

भाषावाल्यांना भाषांतर आणि मुद्रितशोधन. आवाज बरा असेल तर आकाशवाणी. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे केंद्रे आहेत. हंगामी निवेदकांच्या आवाज चाचणीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

एकच निवडा. सगळेच थोडे थोडे करणाऱ्याचे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

पाचवे काम : पहिले पैशाचे काम मागा

"सर, काही काम असेल तर सांगा" या निरोपाला कोणी उत्तर देत नाही. काय येते, किती वेळ आहे आणि नमुना, एवढे पाठवा. उदाहरणार्थ :

"नमस्कार वकीलसाहेब. मी बीए द्वितीय वर्षाला आहे. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टवर येते, वेग 40. मोडी वाचता येते. रोज 1 ते 4 मोकळा असतो. घरच्या एका जुन्या खरेदीखताचे लिप्यंतर नमुन्यासाठी जोडले आहे. पहिले एक पान बघण्यासाठी करून देईन."

एक पान फुकट, दुसऱ्यापासून पैसे. दर आधीच ठरवा : टायपिंगचा पानामागे, भाषांतराचा शब्दामागे, सर्वेक्षणाचा फॉर्ममागे, प्रवासखर्च वेगळा. ओळखीतला माणूस "बघू नंतर" म्हणेल. पुढचे काम घेण्याआधी मागचे पैसे मागा. यात लाजण्यासारखे काही नाही, किराणावालाही तेच करतो.

केलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ठेवा. लोकांची खासगी नावे झाकून ती एका फाइलमध्ये लावा, आणि ज्याचे काम केले त्याच्याकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. ओजेटीची वेळ येईल तेव्हा बाकीचे सहीशिक्क्यापुरती जागा शोधत फिरतील. तुम्ही ज्यांच्याकडे आधीच काम करता तिथेच ओजेटी मंजूर करून घ्या.

परीक्षेचे काय?

द्या की. राज्यसेवेला खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा 38 आहे, आणि घात तिथेच होतो : 'अजून एक अटेम्प्ट' म्हणायला पंधरा वर्षे मोकळी असतात. पदवीनंतर किती वर्षे द्यायची ते घरी बसून आई-वडिलांसमोर ठरवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. क्लासचे पैसे भरण्याआधी सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी तुम्हाला जी लागू होते तिची मोफत प्रशिक्षणाची जाहिरात बघा. दुपारचे दोन तास मात्र परीक्षेला देऊ नका.

शेवटचे वर्ष

विधी किंवा बीएडकडे जायचे असेल तर सीईटीचे अर्ज पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी निघतात, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते भरता येतात. निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेले. कामाला लागलात आणि तरी पुढे शिकायचे असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एमए करता येते. रहिवासी, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जातवैधता यांतले तुम्हाला लागू असेल ते पाचव्या सत्रातच काढायला टाका. जून-जुलैत सेतूवर दहावी-बारावीवाल्यांची रांग असते आणि सर्व्हर बसतो.