टेरी कॅथ ऐकायचा कसा

गिटार शिकायला येणारी मुलं हेंड्रिक्स, क्लॅप्टन मागतात. ‘शिकागो’ बँडचा गिटारवादक टेरी कॅथ कुणीच मागत नाही. या बँडचं नाव काढलं की लोकांना ऐंशीच्या दशकातली गुळगुळीत प्रेमगीतंच आठवतात, आणि कॅथ तर २३ जानेवारी १९७८ लाच गेला. पिस्तूल हाताळताना गोळी सुटली. वय ३१.

सुरुवात शिकागोच्या ‘ट्वेंटीफाइव्ह ऑर सिक्स टू फोर’ या गाण्यापासून करा. पण १९७० च्या अल्बममधली पूर्ण आवृत्ती घ्या. रेडिओसाठी कापलेल्या सिंगलमध्ये सोलोवरच, म्हणजे एकट्या गिटारच्या वादनावरच, कात्री चालली आहे, म्हणजे जेवणातून आमटीच काढली!

आधी गिटार हातात घ्या. सर्वात जाड तारेवर पाचवा, तिसरा, दुसरा, पहिला पडदा, मग मोकळी तार. गाण्याची उतरती चाल एवढीच. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, लावून ती हातात बसू द्या, घाई नको. मग रेकॉर्ड लावून त्याच चालीवर कॅथ वा-वा पेडल (पायाने दाबलं की गिटारचा आवाज ‘वा-वा’ करत उघडतो-मिटतो ते) कसं दाबतो ते ऐका. पाय तालावर आपोआप हलत नाही, प्रत्येक सुराला हवा तेवढाच उघडतो. आधी सोलो तोंडाने गुणगुणा, पेडलला नंतर हात, म्हणजे पाय लावा.

पुढे १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं ‘इंट्रोडक्शन’. लिहिलंय त्यानेच, गायलंयही त्यानेच, आवाज भरदार. ‘फ्री फॉर्म गिटार’ मात्र शेवटी ठेवा. जवळजवळ सात मिनिटं नुसता फीडबॅक, म्हणजे स्पीकर आणि गिटारमधून घुमणारा आवाज, आणि किंचाळणाऱ्या तारा. हेडफोन लावा, शेजाऱ्यांसाठी.