एटीआरची उजवी सीट ते डावी सीट: प्रादेशिक विमानकंपनीत वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

एटीआर हे प्रादेशिक मार्गांवरचे दोन प्रोपेलरांचे प्रवासी विमान. त्यात उजवी सीट सहवैमानिकाची आणि डावी कॅप्टनची. वैमानिक व्हायचे ठरले की पहिला खर्च फ्लाइंग स्कूलच्या प्रवेशावर न करता वैद्यकीय तपासणीवर करावा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देता येतात. त्यानंतर क्लास टू (प्राथमिक) आणि लगोलग क्लास वन (व्यावसायिक वैमानिकासाठीचे) मेडिकल उरकून घ्यावे, कारण रंगदृष्टीतला किंवा ईसीजीमधला दोष ऐंशी तास उड्डाण झाल्यावर कळण्यापेक्षा फी भरण्याआधी कळलेला बरा. चष्मा असला म्हणून लगेच नाउमेद होऊ नये. विहित मर्यादेत दृष्टी सुधारत असेल, तर तो आड येत नाही.

डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, मिळाला की नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर शक्यतो उड्डाण सुरू होण्याआधी सोडवावेत. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात 70 टक्के गुण लागतात. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान 200 तासांचे उड्डाण हवे आणि त्यांपैकी 100 तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असावी लागतात. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर किंवा उत्तर प्रदेशातील फुर्सतगंजला असे प्रशिक्षण मिळते. मात्र संस्था कोणतीही असो, तिथे आज प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत असलेली विमाने किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत पूर्ण झाले, हे तीन प्रश्न माहितीपत्रक मिटवून थेट हँगरमध्ये जाऊन विचारावेत. पावसाळ्यात उड्डाणाचे दिवस वाया जातातच. ते गृहीत न धरता दिलेले वेळापत्रक विश्वासार्ह मानू नये.

लायसन्स हाती आल्यावर सर्वांत महाग चूक घडते ती टाइप रेटिंगच्या, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या परवान्याच्या, बाबतीत. नोकरीची कोणतीही हमी नसताना अनेक लाख रुपये मोजून एअरबस ए 320 चे रेटिंग घेणारे आणि नंतर ते वापरात ठेवण्यासाठी पुन्हा सिम्युलेटरचे पैसे भरत राहणारे तरुण आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. प्रादेशिक कंपन्यांची विमाने निराळी असतात: अलायन्स एअर आणि गोव्याची फ्लाय 91 एटीआर उडवतात, तर स्टार एअरकडे एम्ब्राएर जेट आहेत. म्हणून आधी निवड, मग रेटिंग, हाच क्रम माझ्या मते शहाणपणाचा आहे, मग त्यासाठी काही महिने थांबावे लागले तरी हरकत नाही.

निवडीत साधारणपणे लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील चाचणी आणि मुलाखत असते. एटीआरसाठी जाणाऱ्याने प्रोपेलरचे फेदरिंग (पाती वाऱ्याला समांतर वळवणे, ज्यामुळे प्रोपेलरचा जोर जातो), विमानावर बर्फ साचणे आणि आखूड धावपट्टीचे गणित पक्के करून जावे. कंपनी ज्या ठिकाणी जाते त्यांची नावेही ठाऊक असावीत. अगत्तीची धावपट्टी सुमारे 1200 मीटरची आहे हे सांगता येणे आणि तिथे ओल्या धावपट्टीवर काय बदलते हे सांगता येणे, यांत उमेदवाराची खरी पारख होते.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे हातांना लागलेली शिस्त. एटीआरच्या मधल्या पॅनलवर पॉवर लिव्हर, कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधन नियंत्रित करणारा) आणि फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांचा) लिव्हर हे एकमेकांच्या जवळ असतात. 15 जानेवारी 2023 रोजी पोखरा येथे उतरताना येती एअरलाइन्सच्या एटीआर 72 मध्ये फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर फेदर स्थितीत ओढले गेले, दोन्ही प्रोपेलरांचा जोर नाहीसा झाला आणि विमानातील सर्व 72 जणांचा मृत्यू झाला, असे चौकशीत निष्पन्न झाले. उजव्या सीटवर बसलेली व्यक्ती नवशिकी नव्हती, तर अनुभवी प्रशिक्षक होती. तेव्हा सिम्युलेटरच्या पहिल्या सत्राआधीच घरी कॉकपिटचे कागदी चित्र भिंतीवर लावून, लिव्हरचे नाव मोठ्याने घेऊन, त्याकडे पाहून आणि मगच हात नेऊन सराव करावा. शेजारी पाहतील तर हसतील, पण हसू द्यावे.

सिम्युलेटरनंतर प्रत्यक्ष विमानावर उड्डाण-अवतरणाचा सराव, मग प्रवाशांसह प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली लाइन ट्रेनिंग आणि शेवटी रिलीज चेक, म्हणजे देखरेखीशिवाय उडू देण्याआधीची चाचणी, असा हा प्रवास असतो. दिवसाला चार-चार सेक्टर (छोटी उड्डाणे) होत असल्याने प्रादेशिक सेवेत तास हळू साचतात, पण लँडिंग भराभर वाढतात. प्रत्येक लँडिंगनंतर वारा, ओली-सुकी धावपट्टी आणि काय चुकले, या तीन गोष्टींची एक ओळ स्वतंत्र वहीत लिहावी. लॉगबुकात ती मावत नाही, आणि पुढे कमांडच्या (कॅप्टनपदाच्या) मुलाखतीत हीच वही उपयोगी पडते.

नोकरीच्या करारावर सही करण्याआधी बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीची) रक्कम, मुदत आणि कंपनी बंद पडल्यास त्या बाँडचे काय, हे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे. हा प्रश्न काल्पनिक नाही. 27 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू करणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे 2022 मध्ये थांबली. नोकरी सोडतानाची नोटीसही लांब असते: डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष. पुढची नोकरी शोधताना हे महिने हिशेबात धरावे लागतात.

कमांडसाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स लागते आणि त्यासाठी वयाची 21 वर्षे आणि 1500 तास पूर्ण असावे लागतात. 200 तासांवर रुजू झालेल्याने महिन्याला सरासरी 70 तास उडवले, तर केवळ तासांचा हा टप्पा साधारण दीड वर्षात गाठता येतो. पण त्याचे पेपर रुजू झाल्यापासूनच सोडवायला घ्यावेत, नाहीतर तास पूर्ण होऊनही लायसन्स हातात नसते. त्यानंतर कंपनीचे स्वतःचे निकष, डाव्या सीटचे सिम्युलेटर प्रशिक्षण आणि देखरेखीखालील उड्डाणे असतात. लहान ताफ्यात कॅप्टनपद लवकर मिळू शकते, हे प्रादेशिक सेवेचे मोठे आकर्षण आहे. मोठ्या जेटकडे जाताना मात्र बहुधा पुन्हा उजव्या सीटवर बसावे लागते आणि ज्येष्ठता शून्यापासून मोजली जाते. त्यामुळे तिकडचा प्रस्ताव आला की पगाराच्या आकड्याआधी, ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक कितवा लागेल आणि कमांडपर्यंत त्या यादीत पुढे किती जण आहेत, हे लेखी मागून घ्यावे.