कॉर्नरो शिकताना आधी हात सैल करा

सागरवेणी येणाऱ्याला कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या वेण्यांच्या रांगा, सहज जमतात, असं सगळेच सांगतात. बोटांपुरतं ते खरं आहे. पण आपल्या हाताला लहानपणापासून सवय असते ती तेल थापून, चापूनचोपून विंचरून, पहिल्याच पेडाला करकचून आवळण्याची. आफ्रिकी वळणाच्या केसांना तीच सवय मारते. मग मुलगी कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घरातली असो की लंडनच्या मराठी-नायजेरियन घरातली.

हा केस चपटा असतो आणि मुळापासून स्प्रिंगसारखा वळत जातो. प्रत्येक वळण ही तुटायची जागा. टाळूचं तेल एवढी वळणं उतरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कायम कोरडी. नुसत्या खोबरेलाने ती ओली होत नाहीत. तेल फक्त आतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे आधी पाणी किंवा पातळ लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर) लावा आणि तेल त्यावर.

धुणं-विंचरणं तुम्हाला माहीत असेलच. चार भाग करा, भरपूर कंडिशनर लावा, रुंद दातांचा कंगवा घ्या आणि टोकापासून मुळाकडे या. बारीक फणी कपाटातच राहू द्या.

आता ज्यात जवळजवळ प्रत्येक नवशिका फसतो ते सांगायचं आहे, आणि जरा लांबण लावूनच. ओल्या केसांवर कॉर्नरो घालू नका. ओला केस मऊ लागतो, हातात नीट बसतो, भांगही सरळ पडतो, म्हणून मोह होतो. पण ओला केस ताणला की लांबतो, आणि वाळताना पुन्हा आखडतो. ताणून 30 सेंमी भरणारा केस मोकळा वाळला की 10 सेंमीही दिसत नाही, इतका हा आखडण्याचा जोर असतो. वेणीत तो गुंफलेला असल्यामुळे त्याला आखडायला जागाच नसते, आणि सगळी ओढ मुळावर येते. रात्री ठीक वाटलेली वेणी सकाळी कानशिलं दुखवते ती त्यामुळे. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत असतो, तो विणतानाच तुटतो.

उपाय सोपा आहे. धुतल्यावर 8-10 सैल वेण्या घालून रात्रभर वाळू द्या. किंवा प्रत्येक बटेला मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळा. पश्चिम आफ्रिकेतली ही जुनी रीत, योरुबा भाषेत तिला इरुन किको म्हणतात. केस ताणलेल्या स्थितीत वाळतो आणि पुढे आखडत नाही. कॉर्नरो घालताना फक्त बोटांना थोडं लीव्ह-इन लावा. पाण्याचा फवारा बाजूला ठेवा.

सरावासाठी पायजम्याच्या तीन नाड्या खुर्चीच्या पाठीला बांधा. सागरवेणीत कडेचा पेड मधल्याच्या वरून जातो, कॉर्नरोत खालून. हे बोटांत मुरेपर्यंत डोक्याला हात लावू नका. डोक्यावर पहिल्यांदा 6 ते 8 सरळ रांगा पुरेत, प्रत्येक साधारण 3 सेंमी रुंद. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडा आणि शेजारचे केस क्लिपने घट्ट बाजूला ठेवा. सुरुवातीची बट 1 सेंमीपेक्षा मोठी नको. तिचे तीन पेड करा, दोनदा विणा, मग प्रत्येक वेढ्याला मधल्या पेडात खालची थोडी बट मिळवत जा. ही बट वेणीच्या थेट खालून उचलायची. पुढून उचलली तर फुगवटा येतो, मागून उचलली तर मुळाशी खेच पडते. बोटं टाळूला टेकलेली हवीत. हात वर उचलला की वेणी सैल लोंबते, आणि मग माणूस ती आवळून सावरायला बघतो. पकड बोटांच्या जवळिकीने येते, जोराने येत नाही. पहिल्या रांगा वाकड्या येतील, येऊ द्या. वाकड्या भांगाने केसांचं काहीच बिघडत नाही.

आवळलेली वेणी ओळखायची कशी? मुळाशी त्वचा तंबूसारखी वर उचललेली दिसते, बारीक पांढऱ्या पुळ्या येतात, भुवया वर केल्या की दुखतं. यातलं एक जरी दिसलं तरी ती रांग लगेच उसवा. “दोन दिवसांत सैल होईल” हे ऐकू नका, आणि दुखण्यावर गोळी देऊन मुलीला झोपवू तर मुळीच नका. ही ओढ वारंवार बसली की कपाळाजवळचे केस विरळ होतात. वेळीच थांबलात तर ते परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मूळच मरतं. दुखलं म्हणजे वेणी पक्की बसली असं शिकवणाऱ्या बाईचे भांग कितीही रेखीव असोत, तिच्याकडे शिकू नये.

मुळाशी रबर बँड लावून त्यावर कृत्रिम केस विणण्याची पळवाटही आम्हाला मान्य नाही. काम झटपट होतं, पण रबर काढताना केस त्याच्याबरोबर येतो. जेल हवंच असेल तर जवसाचं करा. पाव कप जवस दोन कप पाण्यात 8-10 मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळणीतून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.

लहान मुलांना कृत्रिम केस जोडू नका. मोठ्यांना जोडायचे तर कॅनेकलॉन (कृत्रिम केसांचा धागा) आधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा. त्याच्यावरच्या क्षारीय थराने पुष्कळांच्या टाळूला खाज सुटते, तो पांढरट थर पाण्यावर तरंगताना दिसेल. मग धुऊन वाळवा. आणि सुरुवात स्वतःच्याच केसांनी करा. 3-4 वेढ्यांनंतर थोडे थोडे मिळवत गेलात की वजन मुळावर येत नाही.

रात्री सॅटिनची टोपी, आठवड्यातून एकदा पातळ शाम्पूने टाळू, एवढं पुरे. नुसत्या केसांच्या रांगा दोन आठवडे, जोडलेल्या सहा ते आठ. त्यापुढे नको.

उसवताना मुळाशी धुळीचं करडं कडं दिसेल. ते तेलाच्या बोटांनी कोरडंच सोडवा, मग विंचरा आणि पाणी शेवटी. आधी पाणी पडलं तर त्याची जट होते आणि कात्रीशिवाय निघत नाही. कंगव्यात मूठभर केस येतील, घाबरू नका. रोज 50 ते 100 केस गळतातच, ते सहा आठवडे वेणीत अडकून राहिलेले असतात. खात्री करायची तर काही केस काळ्या कापडावर ठेवा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो आपणहून गळलेला. ठिपका नसलेले आखूड तुकडे जास्त असले, आणि तेही कानशिलाजवळचे, तर तीन आठवडे केस मोकळे ठेवा आणि पुढच्या खेपेला रांग केसांच्या कडेपासून बोटभर मागे सुरू करा.