मधुमेहात दाढा टिकवा, चावणं टिकवा

रक्तातली साखर सतत जास्त राहिली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. उलट, हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दाढा गेल्या की माणूस नकळत मऊ, पिठूळ खाण्याकडे वळतो. तंतुमय पदार्थ सुटतात आणि जेवणानंतरची साखर चढते.

ब्रश मऊ घ्या. तो दात आणि हिरडीच्या सांध्यावर 45 अंशांत तिरका धरून हलकेच फिरवा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 2 मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट थुंका, पण लगेच चूळ भरू नका. रात्री दातांच्या फटी फ्लॉसने (दातांसाठीच्या बारीक धाग्याने) किंवा बारीक ब्रशने साफ करा. रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका, कारण दातांवर साचलेला जंतूंचा थरच ते रक्त काढतो. दोन आठवड्यांतही थांबलं नाही तर दंतवैद्य गाठा. हलणारा दात, पू किंवा सूज असेल तर तेवढंही थांबू नका.

कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा; नाहीतर तिच्याखाली बुरशी वाढते. ती बोचत असेल तर बसवून घ्या, सोसू नका.

चावता येत नसेल तर भाज्या बारीक चिरून मऊ शिजवा. गाळलेला रस नको, त्यात तंतू उरत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दंतवैद्याकडे उपाशी जाऊ नये. रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेल्यास 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.